ग्रुपचा पॅच बनवताय? आमच्या 'सह्याद्री'तला र गळला, त्यातून सुरू झालेली चर्चा

ठोसेघर_फाटा:

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यातले चौदा जण. गेली सहा वर्षं महिन्यातले दोन रविवार गाड्या काढतो. केळघर, आंबेनळी, कुंभार्ली, सवड असली की गगनबावडा. पावसात एकमेकांच्या गाड्या ढकलता ढकलता माणसं जवळची झाली. यंदा ठरलं, सगळ्यांना लेदरचं व्हेस्ट घ्यायचं आणि पाठीवर ग्रुपचा पॅच लावायचा.

आमच्यातल्या एकाने चित्र काढलं. वर कमानीत ग्रुपचं नाव (नावात 'सह्याद्री' आहे, पूर्ण नाव इथे देत नाही), मध्ये कवटी, खाली उलट्या कमानीत 'महाराष्ट्र' आणि बाजूला 'एमसी' लिहिलेला छोटा चौकोन. इंटरनेटवर जे पाहिलं होतं, तेच सगळं. एका दुकानात चौदा नग शिवायला दिले. हातात आले तेव्हा 'द्री'मधला र धाग्यात बुडालेला होता. चौदाही पॅचवर 'सह्यादी'! दुकानदार म्हणाला, दिलेल्या चित्रात होतं तसंच केलंय. पैसे गेले.

पण खरा धडा पुढेच मिळाला. ते फसलेले पॅच घेऊन आम्ही पाचगणीच्या वाटेवर चहाला थांबलो होतो. एक वयस्कर रायडर शेजारी येऊन बसले. पॅच हातात घेतला नाही, नुसता पाहिला आणि विचारलं, "तुम्ही एमसी आहात? हा तीन तुकड्यांचा पॅच कुणाला विचारून लावताय?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला लागलो, तेव्हा समजलं की आम्ही ज्याला सजावट समजत होतो ती एक अख्खी भाषा आहे.

म्हणून इथे विचारतोय. या तीन तुकड्यांचा नेमका अर्थ काय? आपल्यासारख्यांनी काय लावावं? आणि देवनागरी अक्षरं धाग्यात नीट उमटवायची कशी?

पन्नाशीपार:

तुम्हाला ज्यांनी टोकलं त्यांनी उपकारच केलेत. जेवढं नक्की माहीत आहे तेवढं लिहितो.

ही भाषा अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीही तिथले मोटरसायकल क्लब स्वेटरच्या पाठीवर साखळी टाक्याने आपलं नाव भरून घ्यायचे. युद्धानंतर सैन्यातून परतलेली तरुण पोरं मोठ्या संख्येने गाड्यांकडे वळली. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी शर्यतींच्या वेळी गोंधळ झाला, 'लाइफ' मासिकात बिअरच्या बाटल्यांच्या ढिगाजवळ गाडीवर बसलेल्या माणसाचा फोटो छापून आला आणि मोटरसायकलवाल्याची एक प्रतिमा तयार झाली. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने म्हणे त्यानंतर म्हटलं, ९९ टक्के रायडर सज्जन आहेत. असं वाक्य आपल्या नोंदींत सापडत नाही, असं त्या संघटनेनेच पुढे सांगितलं. पण काही क्लबांनी उरलेला एक टक्का अभिमानाने स्वीकारला. शंकरपाळ्याच्या आकाराचा '१%' पॅच तिथून आला. तो गंमत म्हणून कुणीही, कुठेही लावू नये.

आता तीन तुकडे. वरच्या कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खालच्या कमानीत प्रदेश. कमानीला 'रॉकर' म्हणतात. अमेरिकन सैन्यात हुद्द्याच्या पट्ट्यांखाली ज्या वाकड्या पट्ट्या असतात त्यांनाही तेच नाव आहे. 'एमसी' म्हणजे मोटरसायकल क्लब, आणि त्या अर्थाने क्लब म्हणजे नियम, पदं, मतदान, वर्गणी आणि हजेरी. नवा माणूस आधी उमेदवार असतो. त्याच्या पाठीवर पूर्ण पॅच नसतो. महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ, तो मीटिंगा, कामं, राइड सगळं करतो. मग मतदान होतं आणि मधलं चिन्ह मिळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅच सभासदाच्या मालकीचा नसतो, क्लबचा असतो. क्लब सोडला की परत द्यायचा.

खालची कमान सगळ्यात जड. 'महाराष्ट्र' लिहिलंत की त्या भाषेत त्याचा अर्थ 'हा मुलूख आमचा' असा होतो. तुम्हाला म्हणायचं होतं 'आम्ही महाराष्ट्राचे'. या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

ह्यूस्टनवासी:

वरच्या मुद्द्याला इथून दुजोरा देतो. मी अकरा वर्षं टेक्सासमध्ये आहे, शनिवार-रविवार गाडी चालवतो. मे २०१५ मध्ये वेको शहरात एका रेस्टॉरंटच्या आवारात गोळीबार होऊन नऊ माणसं मेली. बँडिडोस आणि कोसॅक्स या दोन क्लबांमधल्या त्या वैराच्या मुळाशी जी कारणं होती त्यांतलं एक म्हणजे खालच्या कमानीतला 'टेक्सास' हा एक शब्द. तो परवानगीशिवाय लावल्याचा राग होता.

इथल्या रायडिंग ग्रुपांचा साधा रिवाज सांगतो. पॅच एकाच तुकड्यात, वेगळ्या कमानी नाहीत, 'एमसी' नाही, 'आरसी' म्हणजे रायडिंग क्लब असं स्पष्ट लिहिलेलं. काही ठिकाणी स्थानिक मोठ्या क्लबला आधी भेटून रचना दाखवतात. दुसऱ्याच्या पॅचला हात लावायचा नाही. कुणाचं व्हेस्ट खुर्चीवर असेल तर सरकवायचंसुद्धा नाही, त्यालाच सांगायचं.

भारतातून फिरायला आलेला माझा एक मित्र आपल्या ग्रुपचा तीन तुकड्यांचा पॅच घालून माझ्याबरोबर निघाला होता. पेट्रोल पंपावर एका गृहस्थाने शांतपणे विचारलं, कुठला क्लब? मित्राने हौसेने सगळं सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "भारतात असाल. इथे हे उलटं करून घाला." आवाज चढला नव्हता. तरी आम्ही ते व्हेस्ट काढून डिकीत ठेवलं आणि मित्र उरलेले चार दिवस साध्या जॅकेटवर फिरला.

एकटा_जीव:

मला हे पटत नाही, आणि मी मनापासून लिहितोय. मराठीत पॅचला ठिगळ म्हणतात. फाटलं तिथे लावायचं. माझी आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवायची, त्यात कुणाची परवानगी लागत नव्हती. कॅलिफोर्नियात पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे भांडण झालं त्याचे नियम आपण वाईच्या घाटात का पाळायचे? इथे कुणी कुणाचा मुलूख अडवून बसलेलं नाही. साताऱ्याच्या पोरांनी 'महाराष्ट्र' लिहिलं तर कुणाचं काय गेलं? लिहू द्या.

पन्नाशीपार:

एकटा_जीव, तुमची गोधडी मला फार आवडली. पण विचार करा, त्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाचा तरी होता. हे आजीच्या इरकलीचं, हे काकांच्या धोतराचं. आजीला प्रत्येक तुकड्याचं नाव सांगता येत असेल. पॅचचं तेच आहे.

भीती आयात करायची नाही, इथे आपण सहमत आहोत. पण भारतातही तीन तुकड्यांचा पॅच रीतसर, उमेदवारी करून कमावलेली मंडळी आहेत. गोव्यात वागातोरला मेळाव्यांना ती भेटतात. ज्याने दीड वर्ष घालवून मधलं चिन्ह मिळवलं त्याच्या शेजारी आपण दुकानातून आणलेला तसाच पॅच घालून उभे राहिलो, तर त्याच्या दीड वर्षाची किंमत आपण शून्य केली. मला ते बोचतं. नियम अमेरिकेचा असेल, बोचणं इथलं आहे.

आणि ही भाषा तेवढीच नाही. लंडनला १९६२ मध्ये फादर बिल शेरगोल्ड या पाद्र्यांनी '५९ क्लब'चा मोटरसायकल विभाग सुरू केला. चर्चच्या युवक मंडळातून निघालेला क्लब. त्या ५९ च्या बिल्ल्यात मुलूख नाही, दहशत नाही. ज्या पोरांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना एक जागा मिळाली, एवढंच त्याचं सांगणं. तुम्हाला आदर्शच हवा असेल तर तो घ्या.

सुईदोरा:

माझं पुण्यात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं छोटं युनिट आहे. शाळांचे बिल्ले, कंपन्यांचे लोगो आणि अलीकडे रायडर मंडळींचे पॅच. 'सह्यादी' वाचून मला वाईट वाटलं, कारण तो दोष टाळता येण्यासारखा होता.

चित्र म्हणजे पॅच नव्हे. चित्राचं आधी पंचिंग होतं. सुई कुठून कुठे जाईल, टाका कुठल्या दिशेला पडेल, किती दाट पडेल हे सगळं फाइलमध्ये बसवावं लागतं. चांगला पंचर (म्हणजे पंचिंग करणारा) आणि वाईट पंचर यांच्यात तुमचा पॅच ठरतो, मशीन सगळ्यांकडे सारखंच आहे. धागा ताणाने कापड आत ओढतो, म्हणून आकार किंचित फुगवून ठेवावे लागतात आणि वरच्या चकचकीत टाक्याच्या खाली आधी एक विरळ थर घालावा लागतो. सॅटिन टाक्याची रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक नको आणि सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, नाहीतर धागे कशालाही अडकून उपसतात.

आता देवनागरी. बरीच तयार अक्षरं रोमन लिपीसाठी बसवलेली असतात. पाच मिलिमीटर उंचीचं इंग्रजी अक्षर चालून जातं. आपल्याला त्या उंचीत अक्षर, वर वेलांटी-रफार, खाली रकार-उकाराची गर्दी असं सगळं बसवायचं असतं. 'द्री'मधला र ही द च्या पोटाखालची एक तिरकी रेघ. ती अर्धा मिलिमीटर झाली की वरचा टाका तिला गिळतो. मूळ अक्षराची उंची निदान बारा मिलिमीटर ठेवा आणि तो र हाताने जाड करून, द पासून अंतर सोडून पंच करायला सांगा. अनुस्वाराचा ठिपका दोन मिलिमीटरचा तरी हवाच.

कमानीत आणखी मोठी अडचण येते. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटं फिरवतं, त्यामुळे शिरोरेखेचे तुकडे होतात आणि ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. मी अक्षरांच्या शिरोरेखा काढूनच टाकते. कमानीच्या वळणाने एक अखंड रेघ भरते आणि तिला खालून अक्षरं टांगते.

हे लक्षात ठेवा. वरच्या कमानीत अक्षरांची डोकी मोकळी होतात आणि पाय जवळ येतात. त्यामुळे खालची जोडाक्षरं चेंगरतात. तुमची 'सह्याद्री' वरच होती ना? खालच्या कमानीत उलटं. तिथे पायांना जागा मिळते आणि वरच्या वेलांट्या-मात्रा एकमेकींवर चढतात. 'महाराष्ट्र' खाली छान बसतो, कारण 'ष्ट्र'ला पसरायला मिळतं. 'सातारा'ला वर काही नाही, खाली काही नाही. तो शब्द कुठेही ठेवा, देखणाच दिसतो.

हिशोब हजार टाक्यांमागे होतो. पाठीवरचा दहा इंची गोल पूर्ण धाग्याने भरला तर टाके लाखाच्या पुढे जातात. मिनिटाला सातशे टाके धरले तरी एका पॅचला अडीच तास. म्हणून पार्श्वभूमी ट्विलच्या (तिरक्या विणीच्या) कापडाचीच ठेवा आणि फक्त चिन्ह-अक्षरं भरा. खर्च कमी, पॅच मऊ, पाठीला वळतो. धागा पॉलिएस्टरच मागा. रेयॉन चमकतो सुंदर, पण उन्हापावसात फिका पडतो.

कड गोल आकाराला जाड ओव्हरलॉकची करून घ्या. साडीच्या पिकोचा थोरला भाऊ समजा. किल्ल्यासारखा खाचाखोचांचा आकार असेल तर ती कड वळत नाही, तिथे सॅटिन कड भरून गरम सुरीने कापतात.

शेवटचं म्हणजे चौदा नग एकदम कधी देऊ नका. एक नमुना शिवून घ्या, दहा फुटांवर धरा आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगा.

नवी_गाडी:

मध्येच विचारतेय, माफ करा. मी मागच्या वर्षी लेहला जाऊन आले. बाजारातून खारदुंग ला, चांग ला, उमलिंग ला अशा खिंडींच्या नावांचे सहा पॅच आणले. उमलिंग लाला मी गेलेच नव्हते, रस्ता बंद होता. लावू का?

घाटाचा_राजा:

नवी_गाडीताई, माझं मत सरळ आहे, जिथे चाक लागलं नाही तिथला पॅच लावू नका. खणात ठेवा, जाल तेव्हा लावा. तोपर्यंत तो तुम्हाला बोलावत राहील.

प्रवासाचे पॅच कुणाच्या मुलुखावर हक्क सांगत नाहीत, ते लावायला परवानगी लागत नाही. पण ते खरे असावेत. खारदुंग लाच्या बहुतेक पॅचवर १८,३८० फूट लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड साधारण १७,५८० फुटांच्या आसपास भरते. जुन्या पाटीवरचा आकडा पॅचवर उतरला आणि हजारो पाठींवर देशभर फिरला. उमलिंग लाचा १९,०२४ फूट हा आकडा मात्र गिनीज बुकात नोंदलेला आहे.

कमावलेल्या पॅचचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडरांच्या अमेरिकन संघटनेचं. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर. पेट्रोलच्या पावत्या, वेळा, साक्षीदार सगळं तपासतात, मगच प्रमाणपत्र. भारतातल्या अनेकांनी ते केलंय. तो पॅच ज्याच्या बाहीवर दिसतो त्याला मी चहा पाजतो.

चामड्याचा_वास:

आमचं घराणं चामड्याच्या कामातलं, वडील धारावीत जॅकेटं शिवायचे. पॅच कसा लावायचा हे सांगतो, कारण चांगला पॅच वाईट लावलेला फार पाहिलाय.

लेदरवर इस्त्रीने चिकटवायचा पॅच कधीही नको. चामडं आखडतं आणि गोंद दोन उन्हाळ्यांत सुटतो. सुईचं भोक कापडात मिटतं, चामड्यात कायमचं राहतं. म्हणून टाके मारण्याआधी जागा पक्की करा. व्हेस्ट टेबलावर पसरून मापू नका. ज्याचं आहे त्याने ते घालून गाडीवर बसायचं, हात हँडलवर. पाठ ताणली की तुमचा मध्यबिंदू दीड-दोन इंच वर गेलेला दिसेल. तिथे खडूची खूण करा. टाचण्या नकोत, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा रबर सोल्यूशन वापरा.

आतलं अस्तर खालून उसवा, पॅच फक्त चामड्याला शिवा, मग अस्तर बंद करा. नाहीतर आतला खिसा शिवला जातो, हे हमखास होतं. टाका तीन-चार मिलिमीटरचा. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकं पडतात आणि तिथूनच चामडं फाटतं. चामड्याची सुई आणि जाड पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा घामाने कुजतो. घरचं मशीन ओढत नसेल तर चांगल्या मोच्याकडे जा. आरीने भोक पाडून दोन सुयांनी घातलेला हाताचा टाका मशीनपेक्षा मजबूत असतो, कारण एक दोरा तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही.

वॉटरप्रूफ टेक्स्टाइल जॅकेट असेल तर आरपार शिवू नका, आतला पडदा टोचला की तिथून पाणी आलंच. वेल्क्रो लावा. आणि व्हेस्ट म्हणजे संरक्षण नव्हे. आत पॅडवालं जॅकेट हवंच. रिफ्लेक्टर पट्टी पॅचखाली झाकू नका, घाटात मागच्या ट्रकला तुमची कवटी दिसत नाही, पट्टी दिसते.

वडाची_सावली:

मी गाडी चालवत नाही. माझा धाकटा भाऊ चालवायचा. तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला, गाडीवर नाही. त्याचं व्हेस्ट घरी होतं. काही दिवसांनी त्याच्या ग्रुपमधले दोघे आले. बराच वेळ बसले, आईशी बोलले, आणि निघताना खूप संकोचाने म्हणाले, ताई, पाठीवरचा पॅच ग्रुपचा असतो, तो परत न्यावा लागतो.

मला तेव्हा राग आला. वाटलं, मेलेल्या माणसाचंही काढून नेतात. आज वर 'पॅच सभासदाच्या मालकीचा नसतो' हे वाचलं तेव्हा ती संध्याकाळ आठवली, म्हणून लिहितेय.

त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, तुम्हीच काढा, तुम्हाला वाटेल तेव्हा. महिन्याभराने मी कात्री घेऊन बसले. एकेक टाका उसवला. पॅच निघाला तेव्हा त्याच्याखालचं चामडं काळंभोर, नवं होतं, आणि आजूबाजूचं उन्हाने तपकिरी झालेलं. तो गोल अजून तसाच दिसतो. त्याचे प्रवासाचे पॅच, पुढच्या बाजूचे, आम्ही ठेवले. मोठा पॅच त्यांच्या खोलीत चौकटीत लावलाय आणि दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ते आईला फोन करतात. आता राग नाही. त्यांनी तो न्यायला यावं इतका तो त्यांचाही होता.

एकटा_जीव:

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 'कुणाचं काय गेलं' हे माझे शब्द मी मागे घेतो.

कोर्टकचेरी:

एक कायद्याची बाजू राहिली. मोठ्या क्लबांची चिन्हं नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत. पंखवाल्या कवटीसाठी हेल्स एंजल्स या क्लबने २०१० मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या नामांकित फॅशन ब्रँडवर दावा लावला होता. मंगोल्स क्लबच्या बाबतीत तर अमेरिकन सरकारने पॅचच्या चिन्हाचे हक्कच जप्त करायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये ज्युरीने जप्तीच्या बाजूने कौल दिला, पण न्यायाधीशांनी ती नाकारली, कारण त्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो आणि शिक्षा अवाजवी ठरते. नेदरलँड्समध्ये काही क्लबांवर सरळ बंदी आहे. तेव्हा बाजारात मिळणारी '८१' किंवा '१३' असे आकडे असलेली ठिगळं स्वस्त दिसली तरी घेऊ नका. ८१ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं आठवं आणि पहिलं अक्षर, हेल्स एंजल्सच्या पाठिराख्यांची खूण. १३ म्हणजे तेरावं अक्षर, एम. अर्थ माहीत नसलेला आकडा पाठीवर वागवू नये.

ठोसेघर_फाटा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौदाही जण आमच्या गॅरेजमध्ये बसलो. हा धागा मोठ्याने वाचला. वडाची_सावली ताईंचा प्रतिसाद वाचताना आमच्यातल्या सगळ्यात दांडगट गड्याने दिवा बंद कर म्हणून सांगितलं.

ठरलेलं असं. 'एमसी' काढला. कवटी काढली, ती आमची कधीच नव्हती. पॅच एकच, गोल, नऊ इंची. मध्ये अजिंक्यताऱ्याची कडा आणि तिच्याखालून जाणारा वळणाचा रस्ता. नाव वरून काढून गोलाच्या मधल्या सरळ पट्टीत, कमान नाही, म्हणजे 'द्री'ला श्वास घेता येईल. खालच्या वळणावर पॅचच्या आतच 'सातारा'. पार्श्वभूमी ट्विलची, गडद हिरवी.

नवीन येणाऱ्याला एक पावसाळा आमच्याबरोबर काढावा लागेल, मगच पॅच. सोडून गेला तर परत. हे लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

'सह्यादी' लिहिलेले चौदा तुकडे फेकायचे नाहीत, असं आमच्यातल्या एकाच्या आईने बजावलंय. ती त्यांची गॅरेजमधल्या बाकासाठी गोधडी शिवतेय.

सुईदोराताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय, नमुना तुमच्याकडेच करायचा आहे. अक्षराची उंची चौदा मिलिमीटर धरलीये, जास्त होईल का? आणि चामड्याचा_वास दादा, रविवारी पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर सगळे जमतोय. एकेकाला गाडीवर बसवून पाठीवर खडूच्या खुणा करणार आहोत. पाठीत कुबड काढून बसणाऱ्याची खूण त्याच बसण्यात करायची की सरळ बसवून?